माझ्या फाइलवरचं प्रश्नचिन्ह: रुग्णालयांना, डॉक्टरांना आणि औषध नियामकांना खुलं पत्र

प्रति,
रुग्णालयांचे व्यवस्थापक, कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारे डॉक्टर, वैद्यकीय अभ्यासक्रम आखणारे, आणि औषधाच्या खोक्यावर काय छापायचं ते ठरवणारे अधिकारी,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मला एका रुग्णालयाचं पत्र आलं. माझ्या जुन्या नोंदीत एक दुरुस्ती करावी, अशी विनंती मी त्यांना केली होती. तुमच्याकडे उपचार घेताना मला हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडच्या इंजेक्शनची जबरदस्त रिॲक्शन आली होती, डिस्चार्ज कार्डावर तिचा उल्लेख नाही, तो करा, एवढंच. सोबत ॲलर्जी तज्ज्ञांचा तपासणी अहवाल जोडला होता. उत्तर चार ओळींचं आलं. त्यातली तिसरी ओळ अशी: ‘सदर औषध हे ॲलर्जीवरील उपचार म्हणूनच दिले जात असल्याने त्यामुळे ॲलर्जी झाल्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.’

हे म्हणजे अग्निशमन दलाच्या बंबाला आग लागूच शकत नाही, असं म्हणण्यासारखं झालं.

त्या रुग्णालयाचं नाव मी इथे घेणार नाही. ते एकटं असतं तर घेतलंही असतं. पण हीच ओळ मी वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या सुरात इतक्यांदा ऐकली आहे की ती आता कुणा एकाची राहिलेली नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघडपणे.

माझा दमा लहानपणापासूनचा. पंप कसा ओढायचा हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. तेव्हा कॅज्युअल्टीत नेब्युलायझर लावून बसणं माझ्यासाठी नवीन नव्हतं, आणि हाताच्या शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन घेणंही नवीन नव्हतं. त्या रात्रीही तसंच झालं. नेब्युलायझरने बरं वाटू लागलं होतं, एका दमात एक अख्खं वाक्य बोलता येत होतं. मग इंजेक्शन दिलं गेलं. चार-पाच मिनिटांनी तळहाताला खाज सुटली. आधी फक्त तळहात. मग डोक्याची कातडी. मग जीभ तोंडात मावेनाशी वाटू लागली. मी ड्युटी डॉक्टरांना म्हटलं, ‘डॉक्टर, खाज येतेय.’ ते म्हणाले, ‘घाबरू नका, दम लागला की असं होतं.’ तेवढ्यात छातीतली घरघर परत सुरू झाली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, ‘दमा वाढतोय, अजून शंभर मिलिग्रॅम द्या.’

दिलं. त्याच औषधाचा दुसरा डोस, त्याच सुईतून.

मी आज हे लिहू शकते ते एका वयस्कर सिस्टरमुळे. त्यांनी माझ्या अंगावरची चादर बाजूला केली. पोटावर, मांड्यांवर तळहाताएवढ्या गांधी उठल्या होत्या, एकमेकींत मिसळलेल्या, कडा फुगलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सर, हे दम्याचं नाही. हे इंजेक्शननंतर उठलंय.’ रक्तदाब घेतला तर तो खाली चालला होता. मग मांडीत ॲड्रिनलिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरचं पहिलं औषध, दिलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. दहा मिनिटांत घसा मोकळा झाला.

दोन दिवसांनी हातात आलेल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: ‘दम्याचा तीव्र झटका. उपचारांना समाधानकारक प्रतिसाद.’ ॲड्रिनलिनचा उल्लेख औषधांच्या यादीत होता. ते का द्यावं लागलं, याचा कुठेच नव्हता.

पुढच्या वेळी मी शहाणी झाले होते. दुसरं रुग्णालय होतं. केस पेपर भरतानाच सांगितलं की मला हायड्रोकॉर्टिसोन चालत नाही. समोरचे डॉक्टर हसले. वाईट हसू नव्हतं ते, लहान मूल काहीतरी गमतीचं बोललं की हसतात तसं. ‘स्टेरॉईडची ॲलर्जी नसते हो,’ म्हणाले. पण मी हट्ट धरल्यावर त्यांनी ॲलर्जीच्या रकान्यात लिहिलं: ‘स्टेरॉईड?’ शेवटी प्रश्नचिन्ह, चांगलं ठसठशीत. मग मधला मार्ग म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉईड दिलं, ‘हे वेगळं आहे’ असं सांगून. ते पुरेसं वेगळं नव्हतं. पुन्हा तळहात, पुन्हा गांधी. या वेळी मी स्वतःच ओरडले आणि ॲड्रिनलिन वेळेत मिळालं.

त्यानंतर तपासण्या झाल्या. रिॲक्शननंतर साधारण चार ते सहा आठवडे थांबून, ॲड्रिनलिन हाताशी ठेवून, त्वचेवर आणि त्वचेच्या आत औषधांचे थेंब देऊन. हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट: पॉझिटिव्ह. मिथाइलप्रेडनिसोलोन सोडियम सक्सिनेट: पॉझिटिव्ह. डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट: निगेटिव्ह, आणि नंतर देखरेखीखाली थोडं थोडं वाढवत देऊन पाहिलं तेव्हाही काही झालं नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या: तशाच चढत्या मात्रेत, व्यवस्थित पचल्या. तज्ज्ञांनी मला कागदावर आकृती काढून दाखवलं. मूळ स्टेरॉईड पाण्यात सहज विरघळत नाही. शिरेतून देता यावं म्हणून त्याला सक्सिनेटची शेपटी जोडतात. माझ्या शरीराचं भांडण बहुधा त्या शेपटीशी आहे, स्टेरॉईडशी नाही.

एवढं सगळं स्पष्ट झाल्यावर तिसऱ्या वेळी तरी सुरळीत व्हावं की नाही? तिसऱ्या वेळी माझ्या फाइलवर लाल शाईत मोठं लेबल होतं: ‘स्टेरॉईड ॲलर्जी’. कुणीतरी अहवाल वाचून, चांगल्या हेतूने, तो दोन शब्दांत उरकला होता. त्या रात्री मला दम्याचा खरोखर मोठा झटका आला होता आणि कित्येक तास कुणी मला कुठलंच स्टेरॉईड दिलं नाही. मी धापा टाकत ‘डेक्सामेथासोन चालतं, गोळ्या चालतात’ सांगत होते. पण तोंडाच्या शब्दापेक्षा लाल शाई मोठी. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे ती भुई म्हणजे मी होते.

पहिल्यांदा अविश्वास, दुसऱ्यांदा अर्धा विश्वास, तिसऱ्यांदा आंधळा विश्वास. तिन्ही वेळा उणीव एकच होती. नेमकं कोणतं औषध, कोणत्या स्वरूपात, कोणत्या मार्गाने, किती वेळात काय झालं, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या हसण्याबद्दल. स्टेरॉईडची ॲलर्जी ही काही माझ्यासारख्या चार चिकट रुग्णांची कल्पना नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉईड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० सालचं नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपात त्वचेवर लावलं जाऊ लागलं. आणि १९५९ मध्ये, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, त्याच मलमाने त्वचेला ॲलर्जी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. इंजेक्शननंतर आलेल्या ॲनाफिलॅक्सिससारख्या, म्हणजे अंगभर उसळणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीसारख्या, रिॲक्शनची नोंद १९७४ सालची आहे. २००५ साली अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने कॉर्टिकोस्टेरॉईड्सना ‘वर्षाचा ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं, ते लोकांचं लक्ष जावं म्हणूनच. म्हणजे माहिती छापून येऊन माझं वय उलटून गेलं, पण ती कॅज्युअल्टीपर्यंत पोचली नाही.

मान्य आहे, हे वारंवार घडत नाही. तोंडाने किंवा शिरेतून घेतलेल्या स्टेरॉईडच्या ताबडतोब येणाऱ्या ॲलर्जीचे अंदाज हजारात एक ते पाच यांच्या आसपास फिरतात. त्वचेच्या ॲलर्जीसाठी पॅच टेस्ट (पाठीवर औषधांच्या पट्ट्या चिकटवून काही दिवसांनी कातडी बघणं) झालेल्यांत स्टेरॉईडला पॉझिटिव्ह निघणारे साधारण शंभरात अर्धा ते पाच. पण ही औषधं किती जणांना दिली जातात ते बघा. दमा, सांधे, त्वचा, डोळे, नाकाचे स्प्रे, प्रत्यारोपण, कर्करोग. हजारात एक म्हटलं तरी ती माणसं एका सभागृहात मावणार नाहीत.

आणि डॉक्टरांची बाजूही मला कळते. दिवसभरात दहा रुग्ण ‘मला स्टेरॉईडची ॲलर्जी आहे’ म्हणतात आणि त्यातल्या नऊ जणांना म्हणायचं असतं की चेहरा सुजला, वजन वाढलं, साखर चढली, झोप उडाली. हे दुष्परिणाम आहेत, ॲलर्जी नव्हे. पण म्हणून दहाव्याकडे बघायचंच नाही का? एक प्रश्न पुरतो: ‘औषध घेतल्यावर नेमकं काय झालं, आणि किती वेळाने?’ हा प्रश्न मला पहिल्या दोन्ही वेळा कुणीच विचारला नाही.

दुसरी तक्रार त्या रकान्याबद्दल. ॲलर्जीचा रकाना सगळीकडे एका ओळीचा असतो. आता संगणक आले, तर तिथे तयार यादी असते: पेनिसिलिन, सल्फा, ॲस्पिरिन, इतर. ‘इतर’ निवडलं की पुढे एवढीशी चौकट. त्या चौकटीत ‘हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट, शिरेतून, पाच मिनिटांत गांधी आणि रक्तदाब खाली; डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन गोळी चालते’ हे मावत नाही. म्हणून तिथे ‘स्टेरॉईड’ येतं. हा शब्द वैद्यकीयदृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी आहे. हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ही रचनेने जवळची भावंडं, एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही असण्याची शक्यता मोठी. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन त्यामानाने दूरचे नातेवाईक. १९८९ पासून या औषधांची रचनेनुसार गटवारी झालेली आहे, पुढे ती सुधारलीही गेली. गट पाठ करा असं मी म्हणत नाही. नाव पूर्ण लिहा, एवढंच म्हणते.

तिसरी तक्रार औषध नियामकांकडे आहे, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे सगळ्यात कमी बोललं जातं.

‘स्टेरॉईडची’ म्हणून जी ॲलर्जी दिसते ती पुष्कळदा स्टेरॉईडची नसतेच. कुपीत मूळ औषधाबरोबर इतर मंडळी, म्हणजे सहायक घटक, असतात. सांध्यात देतात त्या पांढऱ्या, दुधाळ, हलवून घ्याव्या लागणाऱ्या काही इंजेक्शनांत पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं, काहींत कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज. या दोन्हींची तीव्र ॲलर्जी नोंदलेली आहे. ज्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉल चालत नाही त्याला ते पोट साफ करण्याच्या पावडरीतही भेटतं, आणि मग दोन अगदी वेगळ्या औषधांची ॲलर्जी कशी, म्हणून सगळे चक्रावतात. मलमांत प्रॉपिलीन ग्लायकॉल, लॅनोलिन, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं. आणि स्टेरॉईडच्या जोडीला निओमायसिन हे अँटिबायोटिक घातलेली मिश्र मलमं, त्यात निओमायसिन स्वतःच ॲलर्जीसाठी बदनाम.

सगळ्यात बोलकं उदाहरण दुधाचं. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या काही कुप्यांत गाईच्या दुधापासून काढलेलं लॅक्टोज असायचं, आणि त्यात दुधातल्या प्रथिनांचे अंश राहायचे. आता विचार करा: दुधाची ॲलर्जी असलेलं मूल. त्याला रिॲक्शन येते. रिॲक्शनवर उपचार म्हणून हेच इंजेक्शन दिलं जातं. मूल आणखी बिघडतं. उपचार कमी पडला असं वाटून आणखी दिलं जातं. कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं. २०१७ साली युरोपीय औषध संस्थेने सांगितलं की दुधाची ॲलर्जी असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या कुणालाही ही कुपी द्यायची नाही, आणि उत्पादकांनी लॅक्टोज काढून नवं औषध तयार करावं. हे योग्यच झालं. पण हा एक घटक, एका औषधातला. बाकीच्यांचं काय?

मी माझ्या औषधाचं खोकं भिंगाखाली धरून वाचलं आहे. समोर मोठ्या अक्षरात मूळ औषध आणि मात्रा. सहायक घटक आतल्या घडीच्या कागदावर, आणि तो कागद कॅज्युअल्टीत पोचण्याआधीच खोक्याबरोबर कचऱ्यात गेलेला असतो. रात्री तीन वाजता सिस्टरच्या हातात फक्त कुपी असते. कुपीवर ‘सक्सिनेट’ हा शब्द मूळ नावाच्या निम्म्या आकारात.

चौथी तक्रार माझी नाही, पण मला ती मांडायलाच हवी. ॲलर्जी विभागाच्या बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पायाच्या शिरा खराब, घोट्यावर जुनी जखम, भोवती इसब. त्यावर अनेक वर्षं हायड्रोकॉर्टिसोनचं मलम. ‘मलम लावलं की पाय पेटतो,’ ते म्हणायचे, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळायचं की नियमित लावा, सोडू नका. स्टेरॉईडच्या मलमाची ॲलर्जी अशीच लपून राहते. पेनिसिलिनसारखी धडाक्यात येत नाही. स्टेरॉईड एका हाताने दाह शमवतं आणि दुसऱ्या हाताने पेटवतं, त्यामुळे दिसतं काय, तर इसब बरं होत नाही, किंवा थोडं बरं होऊन परत उलटतं. सगळ्यांना वाटतं मूळ रोगच हट्टी आहे. मग मात्रा वाढते, मलम आणखी कडक होतं. नाकातल्या स्प्रेने नाक आणखी चोंदणं, पंपाने तोंडाभोवती पुरळ येणं, डोळ्यातल्या थेंबांनी पापण्या सुजणं, हे सगळं याच घराण्यातलं.

काकांच्या पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लागल्या. त्यात हायड्रोकॉर्टिसोनच्या गटासाठी टिक्सोकॉर्टॉल पिव्हॅलेट आणि दुसऱ्या एका गटासाठी ब्युडेसोनाइड, असे त्या त्या गटाची ॲलर्जी उघड करणारे ठरलेले खबरे असतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, काही नाही. चौथ्या दिवशी नुसती शंका. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते, ‘निगेटिव्ह’ लिहून. काकांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सातव्या दिवशी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी मी तिथे होते. काकांनी सदरा वर केला आणि बाईंनी मला बोट दाखवून समजावलं: एका जागी लाल कडं उमटलं होतं, मधे फिकट, कडेला कंगोऱ्यासारखं उठलेलं. मधे औषध जास्त, म्हणून तिथे ते स्वतःचाच दाह दाबून टाकतं. कडेला कमी, म्हणून तिथे खरं रूप दिसतं. याचसाठी स्टेरॉईडची पॅच टेस्ट उशिरा वाचायची असते. मलम बदललं. महिन्या-दीड महिन्यात काका बाकावर दिसेनासे झाले, आणि त्या विभागात माणूस दिसेनासा होणं ही चांगली बातमी असते.

अनेक वर्षांच्या त्रासाला एक जास्तीची भेट पुरली. ज्या त्वचारोग विभागांत पॅच टेस्ट होते तिथे तरी सातव्या दिवसाची भेट नेमाने का दिली जात नाही?

पाचवी तक्रार थोडक्यात. माझ्या दोन्ही रिॲक्शनची माहिती औषध सुरक्षेच्या यंत्रणेला कुणीही कळवली नाही. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर, १९६८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७८ पासून त्याचं काम स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्रातून चालतं. पण जगभरची ती सगळी यंत्रणा शेवटी एका कागदावर उभी आहे. तो कागद कुणीतरी थकलेल्या डॉक्टरने पहाटे भरायचा असतो, आणि तो भरला जात नाही. मग पुढचा डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मी तर असं कधी ऐकलं नाही.’ ऐकणार कसं?

हे पत्र रुग्णही वाचतील, म्हणून एक मधेच सांगते. हे वाचून कुणीही आपलं स्टेरॉईड परस्पर बंद करू नका. बराच काळ घेतलेलं स्टेरॉईड एकदम सोडलं तर शरीर कोलमडतं, त्यात जीवही जाऊ शकतो. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवणाऱ्या) काम करत नाहीत त्यांचं तर आयुष्यच या औषधावर चालतं. त्यांना ॲलर्जी निघाली तरी ‘बंद’ हे उत्तर नसतं, ‘दुसरं कोणतं’ हे उत्तर असतं. शंका असेल तर फोटो काढून ठेवा, औषधाचं पूर्ण नाव आणि वेळ लिहून ठेवा, आणि तपासणी मागा. माझीही या औषधांशी दुश्मनी नाही. माझ्या उशाशी आत्ता प्रेडनिसोलोनची पट्टी आहे.

आता मागण्या. यातली एकही चैनीची नाही.

रुग्णालयांकडे: ॲलर्जीच्या नोंदीत औषधाचं पूर्ण नाव, त्याचं रासायनिक स्वरूप, दिलेला मार्ग, लागलेला वेळ आणि दिसलेली लक्षणं यांना जागा द्या. त्याच चौकटीत ‘काय चालतं’ हेही लिहा, कारण पुढच्या डॉक्टरला रात्री तीन वाजता ‘काय देऊ नको’ यापेक्षा ‘काय देऊ’ हे जास्त हवं असतं. नुसतं ‘स्टेरॉईड’ लिहिलं तर नोंद पुढे सरकू देऊ नका. ॲड्रिनलिन द्यावं लागलं असेल तर ते का दिलं, हे डिस्चार्ज कार्डावर आल्याशिवाय कार्डावर सही होऊ नये. आणि अहवालासह आलेला दुरुस्तीचा अर्ज ज्याला ॲलर्जीतलं कळतं अशा माणसाकडे जावा.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांकडे: स्टेरॉईड दिल्यावर लगेच रुग्ण बिघडला तर ‘रोग वाढला’ याच्या बरोबरीने ‘हे औषधामुळे तर नाही ना’ हाही विचार करा. चादर बाजूला करून कातडी बघा. स्टेरॉईडचा उपयोग दिसायला तास लागतात, पाच मिनिटांत त्याने बरं किंवा वाईट काही होणार नाही असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. ॲनाफिलॅक्सिस असेल तर आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. स्टेरॉईड हा त्याचा पर्याय कधीच नव्हता. जमल्यास पहिल्या एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी, म्हणजे अशा रिॲक्शनमध्ये रक्तात वाढणाऱ्या पदार्थासाठी, रक्त घेऊन ठेवा. रुग्णाचं म्हणणं नंतर सिद्ध करायला त्या रात्रीचा तेवढाच पुरावा पुष्कळदा उरतो. आणि यंत्रणेचा तो कागद भरा.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे: औषधांच्या ॲलर्जीच्या धड्यात ज्यांनी ॲलर्जीवर उपचार होतो त्या औषधांनाही एक पान द्या. अँटिहिस्टॅमिनचीही ॲलर्जी होते, हे मला सांगितल्यावर मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. म्हणजे ते हसू मला ओळखीचं आहे.

त्वचारोग आणि ॲलर्जी विभागांकडे: पॅच टेस्टमध्ये स्टेरॉईडचे खबरे ठेवा आणि सातव्या दिवसाची भेट ठरलेल्या वेळापत्रकातच घाला, रुग्णाच्या हट्टावर सोडू नका.

औषध नियामकांकडे: सहायक घटक कुपीवर किंवा मलमाच्या नळीवरच छापायला लावा. जागा नसेल तर किमान ॲलर्जीसाठी माहीत असलेले घटक छापा: दुधाचं लॅक्टोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, टिकवण्याची रसायनं. ‘सक्सिनेट’, ‘फॉस्फेट’, ‘ॲसिटेट’ हे शब्द मूळ नावाइतक्याच आकारात असू द्या. उत्पादकाने सहायक घटक बदलला तर खोक्यावर तसं ठळक सांगायला लावा. ज्या औषधाने काल काही झालं नाही ते आज वेगळं असू शकतं, हे रुग्णाला कळायचा दुसरा मार्ग नाही. आणि रुग्णाला स्वतःची रिॲक्शन थेट कळवता यावी अशी साधी, त्याच्या भाषेतली सोय असू द्या, आणि कळवल्यावर पोच द्या.

शेवटी त्या चार ओळींच्या उत्तराबद्दल. ज्यांनी ते पाठवलं त्यांना मी पुन्हा अर्ज केला आहे, या पत्राची प्रत जोडून. मला माफी नको आहे, भरपाई नको आहे. त्या सिस्टर अजून तिथे नोकरीत असतील तर त्यांना विचारा, त्यांना आठवेल. मग माझी फाइल काढा, डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीवर एक ओळ वाढवा, खाली सही करा आणि तारीख टाका. दुसऱ्या रुग्णालयालाही हाच अर्ज गेला आहे; त्यांना तर फक्त एक प्रश्नचिन्ह खोडायचं आहे आणि ‘स्टेरॉईड’च्या जागी दोन पूर्ण नावं लिहायची आहेत.

आपली,
एक दमेकरी रुग्ण